फळ्यावरच्या पाच चुका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मधली काही वर्षं मी इतर शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवत होते. त्या दुसऱ्या कामाबद्दल मला लिहायचं आहे. त्या कामात माझ्या हातून एका चांगल्या शिक्षकाचं तोंड बंद झालं आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

आधी माझं इंग्रजी कुठून आलं ते सांगते. माझे वडील भिवपुरीच्या वीजकेंद्रात कामाला होते. आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आमचं घर बौद्ध. शिकायचं की नाही हा प्रश्न घरात कधी निघालाच नाही, किती शिकायचं एवढाच निघायचा. शाळा मराठी होती. इंग्रजीचे सर धड्यातलं एक वाक्य वाचायचे, त्याचं मराठी सांगायचे आणि पुढच्या वाक्यावर जायचे. बारावीपर्यंत मी ढीगभर वाक्यांचे अर्थ पाठ केले, पण स्वतःचं असं एकही वाक्य कुणाला ऐकवलं नाही. डी.एड. झाल्यावर भरती बंद होती, म्हणून खोपोलीकडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलाखतीला गेले. मुख्याध्यापिकेनं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, "आय ॲम हॅविंग डी.एड." त्या अर्जावरून नजर न उचलता म्हणाल्या, "आय हॅव." पुढे त्यांनी तीनचार प्रश्न विचारले. उत्तरं मला येत होती, पण मी वाक्य मनात जुळवेपर्यंत त्या पुढच्या प्रश्नावर गेलेल्या असायच्या. नोकरी मिळाली नाही. बाहेर पडले तेव्हा साजगावच्या कारखान्यांची पाळी नुकतीच सुटली होती, रस्ताभर कामगार चालले होते, आणि मी त्यांच्यातून चालत 'आय हॅव, आय हॅव' असं पुटपुटत होते. तेवीस वर्षांची होते. त्या दिवशी मी ठरवलं की इंग्रजीत परत कुणाला मला असं पकडू द्यायचं नाही.

पुढे भरती निघाली आणि मला खालापूर तालुक्यात शाळा मिळाली. दोनतीन वर्षांनी केंद्रप्रमुखांनी बैठकीत विचारलं की इंग्रजीच्या प्रशिक्षणाला कोण जाईल. आपल्यातल्या एकानं दहा दिवस जाऊन शिकून यायचं आणि मग तालुक्यातल्या बाकीच्यांना शिकवायचं, अशी योजना होती. दहा दिवस घर सोडायला कुणी तयार नव्हतं. मी हात वर केला.

ते दहा दिवस मला फार आवडले. तिथले तज्ज्ञ सांगत की वर्गात मराठी वापरू नका, भाषांतर करू नका, गाणी घ्या, खेळ घ्या, चित्रं दाखवा. वर्गात लागणारी वाक्यं त्यांनी आमच्याकडून घोटून घेतली. 'क्लॅप फॉर हर', 'मेक अ सर्कल', 'लिसन टू मी'. माझा उच्चार चांगला बसला. शेवटच्या दिवशी मला आभारप्रदर्शन करायला लावलं आणि मी ते इंग्रजीत केलं, एकदाही न अडखळता. घरी आले तर आमच्या वस्तीतल्या लोकांनी विहारात माझा छोटासा सत्कार ठेवला. वडील पुढच्या ओळीत मांडी घालून बसले होते. सत्कार झाल्यावर मला म्हणाले, "आता दुसऱ्यांना नीट शिकव." मीही मनापासून हो म्हटलं.

पहिलं प्रशिक्षण खालापूरला एका शाळेच्या सभागृहात झालं. पलीकडून एक्सप्रेसवेचा घोंघाट दिवसभर येत होता. पन्नासेक शिक्षक होते, बहुतेक माझ्याहून वयानं मोठे. सकाळी पोहे, मग मोबाइलवर हजेरी, मग मी. मी सगळं इंग्रजीत बोलत होते आणि समोरचे लोक वहीत मान घालून बसले होते. कुणी प्रश्न विचारत नव्हतं. मला वाटलं, माझं सगळ्यांना समजतं आहे.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं पाच मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा होता. बहुतेकांनी चित्रं आणली होती. ॲपल, बॉल, कॅट. तिसरे की चौथे एक गुरुजी उठले. पन्नाशी ओलांडलेले, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दोनशिक्षकी शाळा आहे, तिथले. मूळ त्याच बाजूच्या एका शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या शाळेबद्दल एक गोष्ट मी ऐकली होती. तिकडे आता बरीच फार्महाउसं झाली आहेत. शहरातली एक बाई गाडी घेऊन रस्ता चुकली आणि तिला चौथीतल्या एका मुलीनं म्हणे इंग्रजीतून रस्ता सांगितला. मला ती थाप वाटली होती.

गुरुजींनी पिशवीतून एक कुलूप काढलं. कपाटाला लावतात तसलं, मोठं. ते टेबलावर ठेवून म्हणाले, "टुडे आय ॲम ब्रिंग वन थिंग. व्हॉट इट इज?" कुणीतरी लॉक म्हणालं. मग त्यांनी एका शिक्षकाला पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि किल्ली दुसऱ्या एका बाईंच्या हातात गुपचूप दिली. "नाऊ यू आस्क. हू हॅव की?" पाठ फिरवलेला शिक्षक वळला आणि त्यानं एकेकाला विचारायला सुरुवात केली. "की इज विथ यू?" "नो, नॉट विथ मी." "यू सेइंग लाय?" लोक हसायला लागले. आदल्या दिवसापासून जे वहीतून वर बघत नव्हते ते खुर्चीतून पुढे झुकले होते. मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई, ज्यांचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता, त्या म्हणाल्या, "नो नो, आय गिव्ह टू हर." सगळं सभागृह इंग्रजी बोलत होतं. चुकीचं, पण बोलत होतं.

हे आज मला दिसतं. तेव्हा मला काय दिसत होतं ते लिहायला हवं. दारात शिक्षण विस्तार अधिकारी येऊन उभे होते आणि माझ्या प्रशिक्षणात कुणी 'हू हॅव की' म्हणत होतं, एवढंच मला दिसत होतं. वेळ संपायच्या आधीच मी टाळी वाजवून पाठ थांबवला. गुरुजींना थँक यू म्हटलं. मग मार्कर घेऊन पांढऱ्या फळ्यावर त्यांच्या पाठातली चुकीची वाक्यं एकाखाली एक लिहिली, पाच निघाली, आणि प्रत्येकासमोर लाल शाईनं बरोबर वाक्य लिहिलं. 'हू हॅज द की.' 'डू यू हॅव द की.' लिहिताना मी म्हणाले की मुलं आपलं अनुकरण करतात, म्हणून आपण चुकलो तर चूक पिढ्यान् पिढ्या जाते. हे वाक्य मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणात मिळालं होतं. मागून कुणीतरी हलक्या आवाजात "यू सेइंग लाय" म्हणालं आणि परत हशा पिकला, पण हा हशा वेगळा होता.

गुरुजी अजून पुढेच उभे होते. त्यांनी पाचही वाक्यं वाचली. म्हणाले, "बरोबर आहे मॅडम." कुलूप पिशवीत घातलं. किल्ली त्या बाईंकडे राहिली होती, ती जाऊन घेतली आणि जागेवर बसले.

अधिकाऱ्यांनी फळ्याचा फोटो काढला. दुपारी तो तालुक्याच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'शिक्षकांच्या नेहमीच्या चुका. उत्तम मार्गदर्शन.' अंगठे, फुलं, टाळ्या यांची रांग लागली. गुरुजींचाही अंगठा होता. त्यानंतर प्रशिक्षण संपेपर्यंत मागच्या रांगेतल्या बाई पुन्हा बोलल्या नाहीत. बाकीच्यांनी आपापले पाठ घेतले, ॲपल, बॉल, कॅट, आणि कुणाची एकही चूक निघाली नाही.

प्रशिक्षणानंतर शाळांना भेटी द्यायच्या होत्या. माझ्याकडे दहा-बारा शाळा होत्या. तोवर लग्न होऊन मी कर्जतला राहायला आले होते, त्यामुळे स्कूटरवर चौक गावापर्यंत यायचं, जुन्या हायवेला लागायचं आणि मग आत वळायचं. डिसेंबरात गुरुजींच्या शाळेत गेले. भाताची कापणी होऊन गेली होती, शेतं रिकामी होती. शाळा स्वच्छ, भिंती नव्यानं रंगवलेल्या. तिसरी-चौथीचा वर्ग गुरुजींकडे होता. मुलं फळ्यावरून उत्तरं उतरवत होती. प्रशिक्षणात आम्ही दिलेला तक्ता भिंतीवर व्यवस्थित चिकटवलेला होता. मी गेल्यावर मुलं उठून एका सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग मॅडम, वेलकम टू अवर स्कूल." मग खाली बसली आणि परत लिहायला लागली.

मी म्हटलं, गुरुजी, इंग्रजीचा तास बघायचा आहे. त्यांनी मोबाइल काढला, छोटा स्पीकर जोडला आणि पाठ्यपुस्तकातली कविता लावली. स्पीकरमधली बाई म्हणायची, मुलं मागून म्हणायची. कविता झाली. गुरुजींनी धड्याच्या प्रश्नांची उत्तरं गाइडमधून फळ्यावर लिहिली होती, ती मुलांनी उतरवली. पूर्ण तासात गुरुजी इंग्रजीचा एक शब्द बोलले नाहीत.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, ते कुलपाचं नाही घेत का आता? ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, का बरं, छान होतं की ते. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, जरा गोंधळून. म्हणाले, "मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहिलं ते खरंच होतं. मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाय. मी आपला बोलत राहिलो. आता मलाच येत नाय तर पोरांना कशाला बिघडवू? मोबाइलमधली बाई बरोबर बोलते."

मी काहीतरी सांगायला लागले, की चुका झाल्या तरी बोलणं महत्त्वाचं असतं वगैरे. ते ऐकत होते, मान हलवत होते. प्रशिक्षणातही त्यांनी तशीच मान हलवली होती. शेवटी मी म्हटलं, मी घेऊ का तो खेळ? त्यांनी लगेच कपाट उघडून कुलूप-किल्ली काढून दिली.

मी किल्ली एका मुलाला दिली आणि चौथीतल्या एका मुलीला विचारायला सांगितलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, तरतरीत. नंतर कळलं की रस्ता सांगणारी मुलगी हिचीच मोठी बहीण. ती उठली, समोरच्या मुलाकडे वळली आणि म्हणाली, "की इज विथ—" आणि थांबली. तिनं गुरुजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हाताचा पंजा तोंडावर ठेवला. "बरोबर हाय का मॅडम?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, बोल गं, काही नाही चुकत. ती नाही बोलली. मी दुसऱ्या मुलाला उठवलं, त्यानं आधी वही उघडली आणि त्यात शोधायला लागला. तिसऱ्याला विचारलं नाही. घंटा झाली तशी मुलं बाहेर पळाली. अंगणात ती सगळी एकाच वेळी मोठमोठ्यानं बोलत होती, अर्थातच मराठीत.

भेटीचा फॉर्म मोबाइलवर भरायचा असतो. तक्ता लावला आहे का? होय. ध्वनिफीत वापरतात का? होय. शिक्षक शब्दशः भाषांतर टाळतात का? होय. मुलांचं लेखन बिनचूक आहे का? होय. मुलं स्वतःहून काही बोलतात का, असा प्रश्न त्यात नव्हता. शेरा लिहायला जागा नव्हती. सगळं खरं भरलं, आणि माझ्याकडच्या शाळांमध्ये गुरुजींची शाळा पहिली आली. ते मला घरी जाऊन दिसलं. त्या दिवशी मी जेवले नाही असं काही झालं नाही. जेवले, भांडी घासली, दुसऱ्या दिवशीचं टाचण काढलं. पण मुलाखतीतल्या त्या मुख्याध्यापिकेचा चेहरा पुन्हा पुन्हा समोर येत होता आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की त्या बाई वाईट नसाव्यात. त्यांनाही कुणीतरी असंच पकडलं असेल.

पुढच्या आठवड्यात मी अधिकाऱ्यांना जाऊन भेटले. म्हटलं, सर, प्रशिक्षणात निम्मा वेळ शिक्षकांना नुसतं बोलायला द्या. चुका काढायच्या नाहीत. जोवर त्यांनाच बोलायची भीती वाटते, तोवर ते मुलांना काय बोलतं करणार? त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. पण पाच वाजेपर्यंत त्यांना वर आकडेवारी पाठवायची होती. ते म्हणाले की प्रशिक्षणाचा घटकसंच वरून येतो, त्यातले तास ठरलेले असतात, आपण आपल्या मनानं बदलले तर उद्या विचारणा होईल. मग हसून म्हणाले, "आणि तुमचा तो फळ्याचा फोटो आम्ही जिल्ह्यालाही पाठवला होता. लोकांना आवडतंय तुमचं. कशाला बदलता?"

पुढच्या वर्षी परत मलाच बोलावलं. या वेळी मी घटकसंच बाजूला ठेवला. सुरुवातीलाच मराठीत माझ्या मुलाखतीची गोष्ट सांगितली, 'आय ॲम हॅविंग' सकट. मग म्हटलं, आता प्रत्येकानं बाजूच्याला इंग्रजीत सांगायचं की आज सकाळी घरातून निघताना काय काय झालं. चुका झाल्या तर होऊ द्या. आधी सगळे वह्या चाळत बसले. मग एक तरुण शिक्षक म्हणाला, "माय गॅस फिनिश." त्याच्या बाजूची म्हणाली, "देन हाऊ यू कम, विदाउट टी?" आणि हळूहळू सभागृहात आवाज वाढायला लागला. मी फळ्याकडे पाठ करून बसून राहिले. माझे हात कसे शिवशिवत होते ते माझं मला माहीत. गुरुजी त्या वर्षी प्रशिक्षणाला नव्हते. निवृत्तीला थोडे महिने राहिलेल्यांना सूट होती.

कुणीतरी तक्रार केली. मॅडम मराठीत बोलल्या, ठरलेले घटक घेतले नाहीत, शिक्षकांच्या चुका दुरुस्त केल्या नाहीत. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला कुणी रागावलं नाही, पत्र आलं नाही. पुढच्या यादीत माझं नाव नव्हतं, इतकंच. माझ्या जागी जी तरुण बाई आली तिचा उच्चार माझ्याहून चांगला आहे.

वडिलांना मी ते सांगितलं नाही. त्यांना अजून वाटतं की मी शिक्षकांना शिकवते.

गुरुजींच्या गावातली मुलं त्याच सुमारास व्हॅनमधून खोपोलीकडच्या इंग्रजी शाळेत जायला लागली. पालकांना दोष देता येत नाही. आपल्या शाळेत मुलं इंग्रजी बोलत नाहीत हे त्यांना घरात दिसत होतं. त्या व्हॅनमधली मुलंही बोलतात अशातला भाग नाही, ती पाठ केलेलं म्हणून दाखवतात. पण बूट असतात, टाय असतो. रिबिनीवाल्या मुलीचा धाकटा भाऊ व्हॅननं जातो. तिसरी-चौथी मिळून गुरुजींकडे शेवटी सात मुलं राहिली.

मे महिन्यात त्यांच्या निरोप समारंभाला मी गेले. शाळेच्या अंगणात मांडव घातला होता. गावातले लोक, जुने विद्यार्थी, केंद्रातले शिक्षक, सगळे आले होते. गुरुजी मराठीत बोलले आणि किती सुंदर बोलले. ही शाळा आधी देवळात भरायची, तेव्हाच्या आठवणी सांगितल्या. कुठल्या मुलीला शाळेत आणायला किती वेळा तिच्या आजीच्या पाया पडलो, हे सांगताना ते स्वतःच हसले. लोकांचे डोळे ओले झाले होते. मग त्यांनी आभार मानायला सुरुवात केली आणि माझ्याकडे हात केला. म्हणाले, "या मॅडमचे आभार मला मानायलाच पाहिजेत. मी आयुष्यभर पोरांना चुकीचं इंग्रजी शिकवत होतो. यांनी मला वेळेत सावध केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकेनं कौतुकानं माझा दंड दाबला.

कार्यक्रम संपल्यावर जेवणं झाली. गुरुजी हारतुरे सांभाळत एकेकाला निरोप देत फाट्यापर्यंत आले. माझी स्कूटर तिथेच उभी होती. आम्ही दोघंच असताना मी म्हटलं, "गुरुजी, त्या दिवशी माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणते आहे ते त्यांना खरंच कळलं नाही.

"नाय हो मॅडम," ते समजूत घालत म्हणाले. "तुमचं कुठलं चुकतंय? तुमचं इंग्लिश एकदम बरोबर असतं."

मग रिक्षा आली. हार मांडीवर घेऊन ते बसले आणि हात जोडले. मीही जोडले.